४० सर्व्हरवर एकाच वेळी लिनक्स: पीएक्सई आणि किकस्टार्टची बांधणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन रॅकमध्ये मिळून ४० सर्व्हर आहेत, काही जुने, काही नवे. सगळ्यांवर रॉकी लिनक्स ९ टाकायचं आहे. सध्या पेन ड्राइव्ह लावून एकेक मशीन केलं जातं. पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून पाहिलं, तर इन्स्टॉल पूर्ण होऊन मशीन रीबूट होतं आणि पुन्हा इन्स्टॉललाच लागतं. हे बिनचूक आपोआप कसं करायचं?

उत्तरात आज्ञा आणि फायलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं.

आधी त्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या इन्स्टॉलबद्दल, कारण सगळ्या बांधणीचा पाया तिथेच ठरतो. नेटवर्क बूटला स्मरणशक्ती नसते. मशीन चालू झालं की फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) विचारतं, ‘मी काय बूट करू?’ आणि तुमचा सर्व्हर दर वेळी तेच उत्तर देतो. उत्तर ‘इन्स्टॉल कर’ असेल तर मशीन इमानेइतबारे रोज इन्स्टॉल करेल. आज हा नुसता वैताग वाटतो. सहा महिन्यांनी डेटा भरलेलं एखादं मशीन वीज गेल्यावर पुन्हा उठेल, नेटवर्कला विचारेल आणि स्वतःच्या डिस्क पुसून बसेल. म्हणून इन्स्टॉल सुरू कसं करायचं याच्या आधी ते नको तिथे सुरू होणार नाही याची सोय करा.

ती सोय तीन ठिकाणी करता येते आणि तिन्ही एकदम ठेवाव्यात. पहिली, नेटवर्कवरून मिळणाऱ्या बूट मेन्यूचं ठरलेलं उत्तर नेहमी ‘स्थानिक डिस्कवरून बूट हो’ हेच असावं. ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) नेटवर्कवरून उठला की आधी त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाच्या) नावाची फाइल शोधतो: ग्रब.सीएफजी-०१- आणि पुढे मॅक पत्ता, छोट्या अक्षरांत, मध्ये कोलनऐवजी आडव्या रेघा. ती नसेल तरच साधी ग्रब.सीएफजी वाचतो. साध्या फाइलमध्ये फक्त एक्झिट ठेवा. ज्या मशीनवर इन्स्टॉल करायचं आहे, त्याच्याच नावाची फाइल तयार करा. दुसरी, किकस्टार्टच्या (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) अगदी शेवटच्या पोस्ट भागातून (इन्स्टॉल झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट) कर्ल या आज्ञेने तुमच्या वेब सर्व्हरवरची एक छोटी स्क्रिप्ट बोलवा आणि तिने ती मॅकवाली फाइल पुसून टाकावी. परवानगी एकदाच वापरता येते आणि वापरली की जाते. तिसरी, मशीनच्या बूट क्रमात नेटवर्क कायमचं पहिलं ठेवू नका. बीएमसीमधून (मशीन दुरून हाताळू देणारी सर्व्हरमधली छोटी चिप) ‘फक्त पुढच्या वेळी पीएक्सई’ असं सांगा.

एक बारकावा. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशीनवर इन्स्टॉलर शेवटी ईएफआयबूटएमजीआर वापरून नवीन सिस्टिमची नोंद बूट क्रमात सगळ्यात वर टाकतो. त्यामुळे ‘पीएक्सई पहिलं आहेच’ या भरवशावर पुन्हा इन्स्टॉल करायला गेलात तर मशीन गुपचूप डिस्कवरून उठतं. जुन्या बायोस पद्धतीत असं होत नाही, तिथे तुम्ही लावलेला क्रम तसाच राहतो. मिसळ असलेल्या रॅकमध्ये काही मशीन फिरत राहतात आणि काही नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. शिवाय काही फर्मवेअर एक्झिट मिळाल्यावर पुढच्या नोंदीकडे जात नाहीत, मेन्यूवर येऊन थांबतात. तिथे एक्झिटऐवजी ग्रबला डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमधली रॉकीची शिम फाइल (ग्रबच्या आधी चालणारा सही केलेला छोटा बूटलोडर) शोधून तीच चेनलोड करायला, म्हणजे तिच्याकडे ताबा द्यायला सांगावं लागतं.

आता साखळी. पीएक्सई हे इंटेलचं तपशीलपत्र, २.१ ही आवृत्ती १९९९ ची, आणि मूळ रचना अजून तीच आहे. डीएचसीपी मशीनला आयपी पत्ता देतो, शिवाय बूट फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय हे सांगतो. टीएफटीपीवरून, म्हणजे फायली पाठवण्याच्या अगदी साध्या प्रोटोकॉलवरून, ती फाइल येते. ती बूटलोडर असते. बूटलोडर कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी फाइल सिस्टिम) आणतो, आणि इन्स्टॉलर उठून एचटीटीपीवरून बाकीचं सगळं ओढतो.

डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्हींसाठी एकटा डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्रॅम पुरतो. आयएससीच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबली, त्यामुळे नवीन बांधणीत तो घेऊ नका. मोठा पसारा असेल तर त्याच संस्थेचा केआ. नेटवर्कचा डीएचसीपी दुसऱ्या टीमच्या ताब्यात असेल आणि ते हात लावू देत नसतील, तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालवा: आयपी त्यांचा सर्व्हर देतो, बूटची माहिती फक्त तुमचा. मात्र हे एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क) चालतं. राउटरपलीकडे जायचं असेल तर डीएचसीपी रिले (विनंती दुसऱ्या नेटवर्कमध्ये पोचवणारी सोय) लागतोच, आणि रिलेच्या यादीत तुमचाही पत्ता लागतो.

शक्य असेल तर इन्स्टॉलसाठी वेगळा व्हीलॅन मागून घ्या. ऑफिसच्या नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी चालू केलात तर संध्याकाळपर्यंत फोन येतोच.

नवी-जुनी मशीन एकत्र असल्याने सगळ्यांना एकच बूट फाइल देऊन चालणार नाही. मशीन आपली जात डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगतं: ० म्हणजे जुनं बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, काही फर्मवेअर त्याच अर्थाने ९ पाठवतात, आणि ११ म्हणजे ६४ बिट आर्म. डीएनएसमास्कमध्ये ७ आणि ९ दोन्हींना एकच टॅग लावा आणि त्या टॅगला शिमची फाइल द्या. ० ला पीएक्सईलिनक्स.०. तरी सल्ला असा, की जी मशीन यूईएफआयवर नेता येतात ती आधी सेटिंगमध्ये जाऊन न्यावीत. दोन प्रकारचे बूटलोडर आणि दोन प्रकारच्या पार्टिशन रचना सांभाळण्यापेक्षा ते एकदाचं काम परवडतं.

शिम आणि ग्रब कुठून घ्यायचे? रॉकीच्याच आयएसओमधून, ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरमधून. तिथली बूटएक्स६४ ही फाइल म्हणजेच शिम. ग्रबएक्स६४ तिच्या शेजारीच ठेवावी लागते, कारण शिम त्याच फोल्डरमध्ये तिला शोधते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सोय) चालू ठेवायचं असेल तर हीच जोडी वापरा. स्वतः कंपाइल केलेला आयपीएक्सई हा पर्यायी नेटवर्क बूटलोडर कितीही सोयीचा असला तरी सिक्युअर बूट त्याला दारातूनच परत पाठवतं. पॅकेजमधून काढलेल्या या फायलींची परवानगी बऱ्याचदा फक्त रूटपुरती असते. टीएफटीपीला त्या वाचता येत नाहीत आणि स्क्रीनवर मात्र ‘फाइल सापडली नाही’ छापाचा काहीतरी संदेश येतो. दोन्ही फायली सगळ्यांना वाचता येतील अशा करून ठेवा.

टीएफटीपीवर थोडं थांबायला हवं, कारण ‘चालतं पण फार हळू’ ही तक्रार इथूनच येते. टीएफटीपी ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. जाऊन येऊन अर्धा मिलिसेकंद धरला तर सेकंदाला २००० तुकडे, म्हणजे साधारण १ एमबी. रॉकी ९ ची इनिटआरडी १०० एमबीच्या आसपास असते, म्हणजे फक्त तीच यायला दीड-दोन मिनिटं. नेटवर्क १० गिगाबिटचं असलं तरी यात काडीचा फरक पडत नाही, कारण वेळ वाट पाहण्यात जातो. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ५१२ च्या हिशोबाने ३२ एमबीनंतर क्रमांकच संपतात. ज्या क्लायंटला क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजणं जमत नाही तो तिथेच अडकतो. तुकड्याचा आकार वाटाघाटीने १४६८ पर्यंत वाढवता येतो आणि वेग जवळपास तिप्पट होतो, पण मुळात मोठ्या फायली टीएफटीपीवरून आणूच नयेत. शिम आणि ग्रब हे मिळून काही एमबीच असतात, तेवढेच टीएफटीपीवर ठेवा. ग्रबच्या फाइलमध्ये कर्नल आणि इनिटआरडीचा मार्ग एचटीटीपीने सुरू करा. रॉकीच्या ग्रबमध्ये एचटीटीपीची सोय आतच असते.

नवीन मशीनवर टीएफटीपी पूर्णच टाळता येतो. यूईएफआय २.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, फर्मवेअर थेट एचटीटीपीवरून बूट होऊ शकतं. तेव्हा ९३ मध्ये १६ येतो आणि तुम्ही बूट फाइलच्या जागी पूर्ण यूआरएल द्यायची. उत्तरात ६० क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये ‘एचटीटीपीक्लायंट’ हा शब्द परत पाठवायला विसरलात तर मशीन तुमच्या उत्तराकडे ढुंकूनही पाहत नाही.

मध्ये फायरवॉल असेल तर हेही लक्षात ठेवा: टीएफटीपीची विनंती यूडीपी ६९ वर जाते, पण उत्तर भलत्याच पोर्टवरून येतं. नुसता ६९ उघडून भागत नाही. फायरवॉलडीमध्ये टीएफटीपी ही ‘सर्व्हिस’ उघडा, पोर्ट नको. म्हणजे उत्तराचं पोर्ट ओळखणारा त्याचा कनेक्शन हेल्परही सोबत येतो.

यानंतर वेब सर्व्हर. पूर्ण डीव्हीडी आयएसओ माउंट करा आणि आतलं सगळं वेब फोल्डरमध्ये कॉपी करा. इथे दोन सापळे आहेत. एक, तारांकन देऊन कॉपी केलं तर टिंबाने सुरू होणारी ट्रीइन्फो फाइल मागे राहते. मग वेब ब्राउझरमध्ये सगळं दिसतं आणि इन्स्टॉलर म्हणतो की इन्स्टॉलेशन सोर्स उभा राहिला नाही. दोन, फायली घरच्या फोल्डरमधून हलवून आणल्या असतील तर एसईलिनक्सचा (कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल वाचावी हे ठरवणारी सुरक्षा) जुना ठसा तसाच राहतो आणि वेब सर्व्हर ४०३ देतो. रिस्टोरकॉन चालवला की मिटतं.

कर्नल आणि इनिटआरडीही याच प्रतीमधून घ्या. ९ ची एक उपआवृत्ती कर्नलची आणि दुसरी रेपोची (पॅकेजच्या साठ्याची) असं झालं की पहिला टप्पा उठतो, दुसऱ्या टप्प्याची इमेज येते आणि मग कर्नल मॉड्युल जुळत नाहीत. कधी नेटवर्क कार्ड नाहीसं होतं, कधी डिस्क. आणि इंटरनेटवरचा मिरर थेट वापरू नका. सोमवारी २० आणि गुरुवारी २० मशीन केलीत, मध्ये अपडेट आलं, तर दोन रॅकमध्ये दोन कर्नल. गोठवलेली स्थानिक प्रत ठेवा, अपडेट नंतर सगळ्यांना एकदम द्या.

कर्नलला द्यायचे शब्द मोजकेच: इन्स्ट.रेपोमध्ये वेबवरच्या प्रतीचा पत्ता, इन्स्ट.केएसमध्ये किकस्टार्ट फाइलचा पत्ता, आयपी=डीएचसीपी, आणि कन्सोल. सिरियल कन्सोल नक्की द्या, वेग ११५२००. रिमोट स्क्रीनचं चित्र पाहत बसण्यापेक्षा सिरियलवर आलेला मजकूर फाइलमध्ये साठवता येतो आणि नंतर शोधता येतो. टीटीवायएस० की टीटीवायएस१ हे कंपनीनुसार बदलतं, एका मशीनवर पाहून ठरवा. मेमरीची अट विसरू नका: एचटीटीपीवरून इन्स्टॉल करायला आवृत्ती ९ ला किमान ३ जीबी रॅम लागते, कारण इन्स्टॉलर स्वतः मेमरीत उलगडतो. सर्व्हरला हे क्षुल्लक आहे, पण सराव २ जीबीच्या आभासी मशीनवर केलात तर तिथेच अडकाल आणि दोष किकस्टार्टला द्याल.

किकस्टार्ट फाइलमध्ये भाषा, कीबोर्ड, टाइमझोन या ओळी सरळ आहेत. टाइमझोन आशिया/कोलकाता, सोबत यूटीसीचा पर्याय, म्हणजे हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीत राहील. टेक्स्टऐवजी सीएमडीलाइन ही पद्धत वापरा. एखादी गोष्ट फाइलमध्ये राहून गेली तर टेक्स्ट पद्धतीत इन्स्टॉलर प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत राहतो, रात्रभर. सीएमडीलाइन तिथेच थांबतं आणि चूक सांगतं.

आता डिस्क. इथे घाई नको.

बहुतेक नमुना फायलींमध्ये क्लिअरपार्ट ऑल लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शब्दशः घ्या: दिसेल ती प्रत्येक डिस्क. सर्व्हरला फायबर चॅनेलवरून सॅनचे (सामायिक स्टोरेज नेटवर्कचे) लन, म्हणजे डिस्कसारखे दिसणारे त्यातले तुकडे, जोडलेले असतील तर तेही ‘डिस्क’च. दुसऱ्या मशीनवरचा चालू डेटाबेस या मार्गाने पुसला जाऊ शकतो, आणि इन्स्टॉलर एकदाही विचारणार नाही, कारण न विचारण्यासाठीच तर तुम्ही किकस्टार्ट लिहिलंय. म्हणून इग्नोअरडिस्क आणि ओन्ली-यूज ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात नाव दिलेली डिस्क सोडून इन्स्टॉलर बाकी कशालाही हात लावत नाही.

पण नाव कोणतं द्यायचं? एसडीए नको. ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात आणि तो क्रम दर बूटला तोच राहील याची हमी नाही. बीएमसीचा आभासी यूएसबी ड्राइव्ह चालू असेल तर कधी तोच एसडीए होऊन बसतो. एकसारख्या मशीनसाठी बाय-पाथखालचं नाव द्या. ते कार्डाच्या स्लॉटवरून ठरतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या सगळ्या मशीनवर तेच असतं.

मॉडेल वेगवेगळी असतील तर प्री भागात (इन्स्टॉल सुरू होण्याआधी चालणारी स्क्रिप्ट) शोध घ्या. एलएसबीएलके आज्ञेने नाव, आकार, जोडणीचा प्रकार, मॉडेल आणि सीरियल नंबर काढा. यूएसबी, एफसी आणि आयस्कझी जोडणीच्या डिस्क वगळा. उरलेल्यांत तुमच्या बूट डिस्कच्या आकाराची, उदाहरणार्थ २०० ते ५०० जीबी, नेमकी एकच सापडते का पाहा. सापडली तर इग्नोअरडिस्क, क्लिअरपार्ट आणि पार्टिशनच्या ओळी टेंप फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहा आणि मुख्य किकस्टार्टमध्ये ती इन्क्लूड करा. एकही नाही किंवा दोन सापडल्या तर स्क्रिप्ट शून्येतर कोड देऊन बाहेर पडली पाहिजे. प्रीला एररऑनफेल लावलेलं असेल तर इन्स्टॉल तिथेच थांबतं. ‘दोन सापडल्या तर पहिली घे’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. रेड कार्डामागच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) डिस्कना जोडणीचा रकाना अनेकदा रिकामा येतो, तिथे मॉडेलच्या नावावरून ओळखावं लागतं. आणि पहिल्या फेरीत सॅनच्या केबल काढून ठेवता येत असतील तर काढाच. सॉफ्टवेअरच्या कुठल्याही अटीपेक्षा ते खात्रीचं.

झीरोएमबीआर ही ओळ नसेल तर कोऱ्या किंवा न ओळखता येणाऱ्या डिस्कवर इन्स्टॉलर परवानगी मागत थांबतो. पार्टिशन: ईएफआयसाठी ६०० एमबी, बूटसाठी १०२४ एमबी, उरलेली जागा एलव्हीएमला (जागा नंतरही वाटता-वाढवता येणारी रचना). रूटला ५० जीबी द्या आणि राहिलेली जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी सोडा. एक्सएफएस ही रॉकीची नेहमीची फाइल सिस्टिम वाढवता येते, कमी करता येत नाही. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकलीत तर नंतर हात बांधलेले.

डिस्क मुळात दिसतच नसेल तर किकस्टार्ट उकरण्याआधी रेड कार्ड तपासा. रॉकी ज्यावरून बनते त्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ८ पासून अनेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले गेले आणि रॉकीत तेच आलं. ईएलरेपोची ड्रायव्हर डिस्क इन्स्ट.डीडीने देता येते. प्रोसेसरचंही तसंच. आवृत्ती ९ ला एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरच्या सूचनांची पातळी आणि १० ला व्ही३ लागतं. व्ही३ म्हणजे इंटेलच्या बाजूला हॅसवेल, साधारण २०१३ पासूनचे. तुमच्या जुन्या मशीनपैकी कोणती १० वर जाणारच नाहीत हे आताच लिहून ठेवा.

पॅकेजमध्ये मिनिमल एन्व्हायर्नमेंट पुरे. इग्नोअरमिसिंग हा पर्याय लावू नका. पॅकेजच्या नावातली चूक तो झाकतो आणि तुम्हाला ती महिन्याने कळते.

पोस्ट भाग जितका लहान तितका बरा. तो नवीन सिस्टिमच्या आत क्रूट होऊन, म्हणजे तिलाच मूळ फोल्डर मानून चालतो, पण ती सिस्टिम तेव्हा चालू नसते. सेवा एनेबल करता येते, स्टार्ट नाही. तिथे ३०० ओळींची स्क्रिप्ट लिहिली की एका ओळीतल्या चुकीसाठी दर वेळी पूर्ण इन्स्टॉल करून पाहावं लागतं. एक वापरकर्ता, त्याची एसएसएच पब्लिक की, सुडोची परवानगी आणि शेवटी ती ‘झालं’ सांगणारी कर्लची ओळ, बस. बाकी सगळं अॅन्सिबलकडे (अनेक मशीनची सेटिंग एकदम लावणारं साधन) द्या. कर्लच्या आधीच्या पोस्ट भागाला एररऑनफेल लावा, म्हणजे अर्धवट मशीन ‘झालं’ म्हणणार नाही. लॉगचा पर्याय देऊन पोस्टचा लॉग रूटच्या फोल्डरमध्ये ठेवा.

किकस्टार्ट फाइल उघड्या एचटीटीपीवर असते. त्या व्हीलॅनमधला कोणीही ती वाचू शकतो. पासवर्डचा हॅशसुद्धा तिथे नसलेला बरा: रूटपीडब्ल्यू लॉक करा आणि फक्त की वापरा. पब्लिक की उघडी पडली तरी बिघडत नाही.

४० मशीनसाठी ४० फायली लिहायच्या नाहीत. कर्नलला इन्स्ट.केएस.सेंडमॅक दिलं की इन्स्टॉलर फाइल मागताना मॅक पत्ता एचटीटीपी हेडरमध्ये पाठवतो. सेंडएसएन दिलं तर सीरियल नंबर. वेब सर्व्हरवरची छोटी स्क्रिप्ट त्यावरून होस्टनेम आणि आयपी भरून फाइल तयार करून देते. यादी एका सीएसव्हीत: सीरियल नंबर, मॅक, नाव, आयपी, बीएमसीचा पत्ता, रॅकमधली जागा. ही यादी बरोबर करण्यातच कामाचा निम्मा वेळ जातो. मॅक पत्ते हाताने टाइप करू नका, बीएमसीमधून रेडफिशने (बीएमसीशी वेबवरून बोलण्याची प्रमाणित पद्धत) काढा.

फाइल वापरण्याआधी केएसव्हॅलिडेटरमधून काढा. तो व्याकरण पाहतो, डिस्क खरी आहे का ते नाही. विंडोजवर नोटपॅडमध्ये दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी जादा अक्षर येतं आणि प्री स्क्रिप्ट ‘इंटरप्रिटर सापडला नाही’ म्हणून पडते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा डॉसटूयुनिक्स चालवून मोकळे व्हा.

नेटवर्क स्विच हा पुढचा भाग, आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ प्रकारच्या बहुतेक तक्रारी इथल्या. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारी पद्धत) चालू असलेला पोर्ट लिंक आल्यावर ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ अशी ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. पीएक्सईच्या तपशीलपत्रानुसार क्लायंट ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबत चार वेळा विचारतो, पण बरीच फर्मवेअर लवकर हार मानतात. शिवाय फर्मवेअरकडून लिनक्सच्या ड्रायव्हरकडे कार्ड जातं तेव्हा लिंक पडून पुन्हा उठते आणि ती ३० सेकंद पुन्हा मोजावी लागतात. म्हणून बूटलोडर आला, कर्नल आला आणि किकस्टार्ट मात्र मिळालं नाही, असं चित्र दिसतं. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट टाळणारी सेटिंग, लावा. लावता येत नसेल तर कर्नलला आरडी.नेट.टाइमआउट.डीएचसीपी वाढवून द्या. पण ते मलमपट्टीसारखं आहे.

दुसरा घोळ एलएसीपीचा (अनेक केबल एकच जोडणी म्हणून वापरण्याचा प्रोटोकॉल). स्विचवर दोन पोर्टचा गट आधीच बांधलेला असतो आणि फर्मवेअरला एलएसीपी बोलता येत नाही. स्विच समोरून उत्तर नाही म्हणून पोर्ट अडवून ठेवतो. सिस्कोच्या नेक्ससवर एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल बंद करायचं, अरिस्टावर एलएसीपी फॉलबॅक, ज्युनिपरवर फोर्स-अप. बॉन्ड, म्हणजे लिनक्सच्या बाजूचा तोच गट, किकस्टार्टमध्ये बांधता येतो, पण तो अॅन्सिबलसाठी ठेवावा. इन्स्टॉल एका साध्या पोर्टवरून होऊ द्या. त्या पोर्टवर इन्स्टॉलचा व्हीलॅन टॅगशिवाय हवा, कारण पीएक्सई सहसा टॅग न लावताच बोलतं.

पत्त्यांचा साठा ४० मशीनला ४० ठेवू नका. फर्मवेअर, इन्स्टॉलर आणि बसवलेली सिस्टिम डीएचसीपीला स्वतःची ओळख वेगवेगळी सांगू शकतात आणि एकच मशीन तीन लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेले पत्ते) घेऊन बसतं. १५० चा साठा ठेवा, लीजची मुदत एक तास.

मशीन हलवायचं काम बीएमसीवरून. बीएमसीला आज्ञा देणाऱ्या आयपीएमआयटूलला लॅनप्लस इंटरफेस, चॅसी बूटडेव्ह पीएक्सई, आणि यूईएफआय असेल तर ऑप्शन म्हणून ईएफआयबूट. हा शेवटचा शब्द राहिला तर काही मशीन जुन्या बायोस पद्धतीने उठतात आणि मग पार्टिशन चुकीची पडतात. ही खूण ६० सेकंदच टिकते, म्हणून पाठोपाठ पॉवर सायकल द्या. आधी सगळ्या ४० ना बूटडेव्ह आणि मग सगळ्यांना पॉवर सायकल असा लूप लिहिला की सुरुवातीची मशीन डिस्कवरून उठतात. रेडफिशमध्ये हेच काम बूट-सोर्स-ओव्हरराइड ‘वन्स’ ठेवून होतं, आणि जमेल तिथे तेच वापरा. पासवर्ड आज्ञेत लिहू नका, तो प्रोसेसच्या यादीत दिसतो. आयपीएमआयटूल तो फाइलमधून घेऊ शकतं.

पहिल्या फेरीत एकच मशीन. मग प्रत्येक मॉडेलचं एकेक. मग दहाच्या तुकड्या. प्रत्येक मशीन इनिटआरडी, दुसऱ्या टप्प्याची इमेज आणि पॅकेज मिळून दीड जीबीच्या आसपास ओढतं. १ गिगाबिटच्या वेब सर्व्हरवरून सेकंदाला ११० एमबी धरले तर ४० मशीनचे ६० जीबी जायला नऊ-दहा मिनिटं लागतात. म्हणजे नेटवर्क सोसेल. तरी दहाच का? कारण यादीत चूक असेल तर ती दहा मशीनवर कळलेली बरी.

काही अडलं तर कुठे अडलं यावरून दोष ओळखा. आयपीच मिळाला नाही: व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री किंवा एलएसीपी. आयपी मिळाला पण फाइल नाही: फायरवॉल, फाइलची परवानगी किंवा ९३ चा टॅग. ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट आला: ग्रब.सीएफजी चुकीच्या फोल्डरमध्ये. डीएनएसमास्कमध्ये लॉग-डीएचसीपी चालू ठेवा आणि वेब सर्व्हरचा अॅक्सेस लॉग दुसऱ्या खिडकीत उघडा. मशीनने शेवटची कोणती फाइल मागितली ते पाहिलं की निम्मा शोध संपतो. इन्स्टॉलरच्या आत शिरायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२, किंवा कर्नलला इन्स्ट.एसएसएचडी देऊन बाहेरून. टेंपमधले अॅनाकोंडा.लॉग, स्टोरेज.लॉग आणि पॅकेजिंग.लॉग वाचा. इन्स्टॉलनंतर हेच वार-लॉगखाली अॅनाकोंडाच्या फोल्डरमध्ये मिळतात. रेपो एचटीटीपीएसवर असेल आणि सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ असा संदेश आला, तर मदरबोर्डची बॅटरी संपली आहे आणि घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं आहे. जुन्या मशीनमध्ये हे नेहमीचंच.

काही मशीनवर उबुंटू टाकायची वेळ आली तर साखळी तीच, फक्त किकस्टार्टच्या जागी ऑटोइन्स्टॉल. तिथे युझर-डेटाच्या शेजारी मेटा-डेटा ही फाइल, रिकामी का होईना, असावीच लागते. कर्नलच्या ओळीत डीएस=नोक्लाउडनंतर अर्धविराम येतो, आणि ग्रब त्याला आज्ञेचा शेवट समजतो. तो भाग अवतरणचिन्हांत घातला नाही तर इन्स्टॉलर काहीच न झाल्यासारखा भाषा विचारत उभा राहतो. शिवाय पूर्ण आयएसओ मेमरीत उतरतो, तेव्हा रॅम आणखी लागते.

कॉबलर, फोरमन, मास ही तयार साधनं याच गोष्टी आतून करतात. ४० मशीन एकदा करायची असतील तर डीएनएसमास्क, एक वेब सर्व्हर आणि एक सीएसव्ही पुरतात. दर आठवड्याला मशीन येत-जात असतील, किंवा तिघे-चौघे जण इन्स्टॉल करणार असतील आणि कोणी काय केलं याची नोंद हवी असेल, तर फोरमन किंवा मास बसवण्याचा त्रास वसूल होतो. तेव्हाही एक मशीन आधी हाताने या साखळीतून न्या. कारण फोरमनच्या पडद्यावर ‘बिल्ड पेंडिंग’ दिसत राहिलं की शेवटी पाहायला लागतो तो डीएचसीपीचा लॉगच.